पाणी कुठून येतं?
संगणकावर निसर्गदृश्य घडवायला शिकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

संगणकावर डोंगर उभा करायला आता फारसं काही लागत नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. २००२ साली जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. टेराजेन, वर्ल्ड मशीन, गाया यांच्या मर्यादित आवृत्त्याही शिकणाऱ्याला पैसे न मोजता वापरता येतात. यूट्यूबवर पाहत पाहत एखादा शाळकरी मुलगा संध्याकाळपर्यंत बर्फाची शिखरं, निळं तळं आणि काठावर देवदारांचं रान तयार करतो. चित्र चकचकीत दिसतं. पण थोडा वेळ पाहिलं की ते मनाला पटेनासं होतं, आणि का पटत नाही हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. हे पुस्तक त्या न पटण्याचा शोध घेण्यासाठी लिहिलं आहे. कोणतं बटण कुठे आहे हे त्यात गरजेपुरतंच येईल, कारण बटणांच्या जागा दर आवृत्तीत बदलतात. डोंगरावरून पाणी उतरायची रीत बदलत नाही.

सरावासाठी या पुस्तकात एकच जागा घेतली आहे, ती म्हणजे भामरागड. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेवरचं हे तालुक्याचं गाव. इथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती ओडिशातल्या कालाहांडीत उगम पावते, बस्तरमधून पश्चिमेकडे वाहत येते, भामरागडच्या परिसरात दक्षिणेकडे वळते आणि पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. पलीकडचा काठ छत्तीसगडचा. अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा आहे, जिथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि ज्याच्यामुळे मराठी वाचकाला हा मुलूख ऐकून तरी ठाऊक आहे. जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे आणि भामरागड त्यातल्या दाट भागात बसलेलं आहे.

हिमालय किंवा आल्प्स निवडले असते तर तयार साहित्य हवं तेवढं मिळालं असतं, आणि म्हणूनच ते टाळले. सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या झाडांच्या संग्रहात पाइन, बर्च, ओक असतात. मोह, ऐन, तेंदू, बिजा शोधून सापडत नाहीत. भामरागडचं रान घडवायचं तर शिकणाऱ्याला प्रत्येक झाड आधी बघावं लागतं आणि मग स्वतः बनवावं लागतं. आपल्या पुण्यामुंबईकडच्या मुलांची आणखी एक अडचण इथे उघडी पडते. डोंगर म्हटलं की त्यांच्या हाताखालून सह्याद्री उतरतो. काळा कातळ, एकावर एक थर, पायऱ्यापायऱ्यांचे कडे. तो लाव्हाच्या थरांतून घडलेला बेसॉल्ट आहे. भामरागडचा पाया त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांचा आहे. इथल्या टेकड्या गोलसर आहेत, कडे कमी, आणि नदीच्या पात्रात पाण्याने घासून गुळगुळीत झालेले मोठमोठे खडक आहेत. सॉफ्टवेअरमधलं 'टेरेस' नावाचं साधन, जे डोंगराला पायऱ्या पाडतं, ते इथे एकदाही वापरायचं नाही. पहिल्या प्रकरणाचा निम्मा भाग याच एका मुद्द्यावर खर्च केला आहे, आणि तो कमी करावासा वाटला नाही.

थोडं या विद्येच्या मागच्या काळाबद्दल. १९८० साली लोरेन कार्पेंटर या बोइंग कंपनीतल्या तंत्रज्ञाने दोन मिनिटांची एक फिल्म दाखवली, तिचं नाव 'व्हॉल लिब्र'. विमानांच्या चित्रांमागे त्याला डोंगर हवे होते आणि ते एकेक बिंदू हाताने मांडून होण्यासारखं नव्हतं. बेन्वा माँडेलब्रो या गणितज्ञाच्या कल्पना घेऊन त्याने एका त्रिकोणाचे लहान त्रिकोण, त्यांचे आणखी लहान त्रिकोण करत, दर वेळी बिंदू थोडे वरखाली सरकवत, अख्खी पर्वतराजी उभी केली. पाठोपाठ केन पर्लिनने 'नॉइज'ची पद्धत काढली. तिच्यासाठी त्याला १९९७ मध्ये ऑस्कर अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं आणि आजही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात ती आहे. एक मोठी लाट घ्यायची, तिच्यावर दुप्पट दाट पण निम्म्या उंचीची दुसरी लाट घालायची, तिच्यावर तिसरी. पाचसहा थरांत डोंगर दिसू लागतो.

पण असा डोंगर सगळीकडे सारखाच खडबडीत होतो. शिखरावर जेवढा ओबडधोबड तेवढाच दरीतही. खऱ्या जमिनीत माती वरून खाली येते, खोलगट जागा भरून निघतात, तळ गुळगुळीत होतो आणि माथा उघडा पडतो. केन मसग्रेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हा दोष दाखवून दिला आणि संगणकातल्या डोंगरावर पाऊस पाडून तो झिजवण्याची रीत मांडली. आज 'इरोजन' नावाने मिळणारी साधनं त्या विचारातून आली आहेत. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की निसर्गदृश्याच्या शास्त्रातली मोठी सुधारणा पाण्याचा विचार केल्यावर झाली, आणि शिकणाऱ्याचीही तिथेच होते.

म्हणून पुस्तकातला पहिला सराव झाडांचा नाही. आधी जमीन. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ती माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकटीत विनामूल्य मिळते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाची उंचीची माहितीही आहे. संगमाच्या आसपासचा तुकडा उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. इथे एक गोष्ट सावधपणे लक्षात ठेवायची. अंतराळयानातल्या त्या रडारची लहर दाट झाडीतून नीट खाली पोचत नाही. जंगलात ती जी उंची सांगते ती झाडाचा शेंडा आणि जमीन यांच्या मधली कुठलीतरी असते. त्यामुळे जिथे रान संपून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे नकाशावर एक खोटा उतार उमटतो. ती टेकडी नाही, ती झाडांची उंची आहे. आणखी एक: ३० मीटरच्या चौकटीत नाला उमटत नाही. ज्या नाल्यातून गावची गुरं उतरतात, ज्याच्या कडेने बांबू वाढतो, तो या माहितीत नसतोच. तो आपल्याला घालावा लागतो, आणि घालताना तो कुठून सुरू होतो आणि कुठे मिळतो याचं उत्तर द्यावं लागतं. फाइल १६ बिटमध्येच जतन करा. आठ बिटमध्ये उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या राहतात आणि सपाट शेतजमिनीवर जिना दिसू लागतो.

भामरागडचं पाणी समजून घ्यायला पावसाळ्यातल्या बातम्या पुरेशा आहेत. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं, आलापल्लीकडचा रस्ता तुटला, बाजारात पाणी शिरलं, हे जवळजवळ दरवर्षी वाचायला मिळतं. नुसता जोराचा पाऊस हे त्याचं पूर्ण कारण नव्हे. इंद्रावती भरून वाहू लागली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. ते थांबतं, फुगतं आणि मागे पसरतं. या फुगवट्याच्या खुणा वर्षभर दिसतात. काठावरच्या झाडांची मुळं उघडी पडलेली असतात, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर फांद्यांमध्ये गवत आणि काटक्यांचे पुंजके अडकून वाळलेले असतात, आणि त्या रेषेखालची खोडं गाळाने मातकट झालेली असतात. ऐन उन्हाळ्याचं चित्र करतानाही जो शिकणारा ही पुराची रेषा खोडांवर काढतो, त्याची नदी बघणाऱ्याला खरी वाटते, मग पाण्याचा पृष्ठभाग साधा असला तरी चालतो.

झाडांबद्दल मात्र मी सविस्तर लिहिलं आहे. साग पाणी साचलेल्या जमिनीत टिकत नाही. तो निचरा होणाऱ्या उतारावर हवा. नदीकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. ऐन आणि अर्जुन एकाच कुळातले, पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली आणि काळपट, तर अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. एकाच सालीचं टेक्स्चर दोघांना लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. सागाचं पान हातभर मोठं असतं, त्यातून ऊन पलीकडे पिवळसर हिरवं होऊन उतरतं, म्हणून त्याला लहान पानाची सेटिंग चालत नाही. आणि पावसाळा सरताना सागाचं रान मुळीच हिरवंगार नसतं. एक अळी पानातला हिरवा भाग खाऊन शिरांची नुसती जाळी ठेवते आणि भर भादव्या-आश्विनात डोंगराचे उतार तपकिरी दिसतात. सॉफ्टवेअरमधला तयार पावसाळी प्रकाश आणि पोपटी पानं लावून हे कधीच साधणार नाही.

माणूसही या रानात आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते. त्यामुळे त्या दिवसांत मोहाखाली काळसर, स्वच्छ वर्तुळ असतं आणि बाजूच्या सागाखाली पायाखाली चुरचुरणारा पाचोळा. शेतं करताना मोहाची झाडं तोडत नाहीत, म्हणून धानाच्या बांध्यांमध्ये एकेकटे मोठे मोह उभे दिसतात. तेंदूपत्त्यासाठी झुडपं आधी छाटलेली असतात, त्यामुळे गावाजवळचा तेंदू कमरेएवढा, कोवळ्या पानांचा, आणि दूर रानातला उंच झाडाचा. झाडं 'रँडम' विखुरणाऱ्या साधनाला यातलं काही माहीत नसतं. त्याला सांगावं लागतं: गावापासून किती अंतर, पाण्यापासून किती, उतार केवढा.

आता अभिप्रायाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर ही प्रस्तावना लिहायला घेतली. माझ्या एका विद्यार्थिनीने संगमाचं दृश्य केलं होतं. पाण्याचं प्रतिबिंब, ढग, दूरच्या टेकड्यांवरचा निळा पडदा, सगळं सफाईदार. या क्षेत्रात काम करणाऱ्या जाणकारांनी ते पाहिलं आणि ढगांची कड, कॅमेऱ्याची लेन्स, दाणेदार झालेल्या सावल्या यांवर उपयोगी सूचना दिल्या. मग तिने ते संगमावर डोंगा चालवणाऱ्या एका वयस्क माडिया आदिवासी गृहस्थांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, "हे कधीचं पाणी आहे, ताई?"

त्या प्रश्नापुढे चित्र उभं राहिलं नाही. पात्र काठोकाठ भरलेलं होतं, म्हणजे श्रावण. पण पाणी स्वच्छ निळं होतं, आणि काठोकाठ भरलेली इंद्रावती लालसर गढूळ असते. मागचा साग निष्पर्ण होता, म्हणजे माघ-फाल्गुन. काठावरचं हिरवं गवत थेट पाण्याला टेकलं होतं, आणि ते तर कुठल्याच महिन्यात नसतं, मध्ये वाळू किंवा चिखल असतो. तिने फेब्रुवारी नक्की केला. पाणी खाली आणलं, वाळूचे पट्टे आणि खडक उघडे केले, पाण्याला हिरवट पारदर्शकता दिली, पळस फुलवला, सागाखाली पाचोळा घातला, खोडांवर पुराची रेषा ओढली. ढगांच्या कडेची सूचना वापरायची वेळच आली नाही, कारण फेब्रुवारीच्या आकाशात ढगच उरले नव्हते. पुढे गावातल्या बायकांनी ते पाहिलं तेव्हा त्यांनी चित्राबद्दल काहीच न बोलता पलीकडच्या काठावर बोट ठेवून तिथल्या वाटेबद्दल आपसात बोलायला सुरुवात केली. चित्राची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

तंत्र जाणणाऱ्याचा सल्ला निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. रेंडरमधला दाणेदारपणा त्यालाच घालवता येतो. पण तो चित्राला दुसऱ्या चित्रांशी जुळवून बघतो. जागेत राहणारा माणूस त्याला जागेशी जुळवून बघतो. वास्तवदर्शी चित्र करायचं असेल तर जागेत राहणाऱ्याचा शब्द वरचढ मानावा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शिकवण्याच्या रीतीत ते कुठेही येत नाही याचं मला वाईट वाटतं. अभिप्राय मागायचीही रीत आहे. "कसं झालंय?" असं विचारलं की लोक "छान" म्हणतात, विशेषतः लांबून आलेल्या पाहुण्याला. त्याऐवजी विचारावं, पूर आला तर पाणी कुठपर्यंत येईल? गुरं कुठून उतरतील? इथे सरपणाला कुठे जाल? उत्तर देता देता बोट अडखळतं, तिथे चित्रात चूक असते. एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि कॅमेरा हलवू नका, म्हणजे आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून फरक पाहता येतो.

एकाच जागेकडे पुन्हापुन्हा बघण्याची ही रीत नवीन नाही. आबालाल रहमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थ आणि रंकाळा यांचा परिसर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रकाशात पुन्हापुन्हा रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. नवनव्या देखाव्यांमागे न लागता एकाच पाण्याकडे परत जाण्याची ही शिस्त संगणकावर काम करणाऱ्याने जशीच्या तशी उचलावी. उलट उदाहरणही जवळच आहे. याच गडचिरोलीत, वडसा-देसाईगंज भागात, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या रंगवलेले पडदे लावून हिवाळ्याच्या रात्री जागवतात. जंगलाचा पडदा बघणारा प्रेक्षक स्वतः जंगलाशेजारी राहणारा असतो आणि तरी तो पडदा मान्य करतो, कारण पडदा फक्त खूण करतो. संगणकावरचं वास्तवदर्शी चित्र खूण करून थांबत नाही, ते 'ही तीच जागा' असा दावा करतं. म्हणून त्याच्याकडे हिशेबही जास्त मागितला जातो.

प्रकाशाचं प्रकरण तुलनेने लहान आहे. भामरागड साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा झाडाची सावली झाडाखालीच राहते. सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश आणि तारीख घालायची सोय असते, ती वापरा. तयार प्रकाश बहुधा युरोपातल्या तिरप्या उन्हाचे असतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, त्यामुळे लांबची टेकडी निळी न दिसता राखी-पांढुरकी दिसते. आणि हिरवा रंग कमी करा. आपण वापरतो त्याच्या निम्माही लागत नाही. लांबून रान काळपट दिसतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माडिया गावांच्या परिसरात मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड असतात. ते देखणे आहेत आणि संगणकावर करायला सोपे आहेत, म्हणूनच धोका आहे. ते कुणाचे तरी आईबाप, आजेपणजे आहेत. चित्राच्या कोपऱ्यातली रिकामी जागा भरायला ते वापरू नयेत. गावाचं दृश्य करायचं असेल तर गावाला विचारून करावं. बाहेरच्या जगात भामरागडचं नाव वर्षानुवर्षं बंदुका, स्फोट आणि चकमकी यांच्या बातम्यांतून पोचलं. त्याच जागेची काळजीपूर्वक, ऋतू ओळखून, माणसांना विचारून केलेली चित्रं फार थोडी आहेत.

आता तर एक वाक्य लिहिलं की यंत्र जंगलाचं चित्र काढून देतं. मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. यंत्र ज्या चित्रांवर शिकलं त्यांत भामरागड जवळजवळ नाही. ते भारतीय जंगल म्हणून जे देतं त्यात मोहाखालचं काळं वर्तुळ नसतं, पुराची रेषा नसते आणि पाणी कधीचं आहे याला उत्तर नसतं. ती माहिती आज लोकांच्या डोळ्यांत आणि आठवणीत आहे. कुणीतरी तिथे जाऊन, बघून, विचारून ती उतरवल्याशिवाय ती चित्रात येणार नाही.

म्हणून शेवटचा शब्द भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या भागातल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींसाठी. या पुस्तकातलं तंत्र कुणीही सहा महिन्यांत शिकू शकतं. ऐन कुठला आणि अर्जुन कुठला, कुठल्या नाल्याला कधी पाणी सुटतं, मोहाखालची जमीन केव्हा साफ करतात, हे तुम्हाला आधीच येतं, आणि शहरातल्या स्टुडिओला ते विकत मिळत नाही. शाळेत एक संगणक असेल तर तो मागून घ्या आणि आपल्या गावाजवळच्या नाल्यापासून सुरुवात करा. झालेलं चित्र सगळ्यात आधी घरातल्या मोठ्यांना दाखवा. ते जिथे थांबवतील, तिथून पुढचं काम करा.